दोन शाळांचे नरहर मास्तर

आमच्या माळेवाडीत शाळेची पारख मारावरून होत असे. कुठली शाळा चांगली असं विचारलं, तर माणसं पोरांच्या पाठीकडे बोट दाखवत. लोह्याच्या वाटेवरचं हे गाव मोगलाईत होतं, आणि गाव एवढंसं असूनही शाळा दोन होत्या. एक निजामसरकारची, उर्दू. तिला पक्क्या भिंती, कौलं, पितळी घंटा आणि भिंतीवर हैदराबाद संस्थानाचा नकाशा. दुसरी नरहर मास्तरांची, मराठी. तिला कडब्याचं छप्पर आणि शेणानं सारवलेली जमीन. मी सरकारी शाळेत दुय्यम मास्तर होतो. नांदेडला राहून उर्दू शिकलो, म्हणून मला ती जागा मिळाली होती. दोन्ही शाळांच्या मध्ये फक्त एक पांदण होती. माझ्या वर्गाच्या खिडकीतून पलीकडची शाळा दिसे, आणि दिसण्याआधी ऐकू येई.

नरहर मास्तर अंगानं किरकोळ होते. उदगीरकडचे. धोतर गुडघ्यापर्यंत ओढलेलं, डोक्याला पांढरं मुंडासं, आणि आवाज असा की बांधावरची ढोरं मान वर करत. सकाळी ओढ्यावरून येताना ते तरवडाच्या ताज्या फोका तोडून आणत. पानं ओरबाडून काढत आणि पहिला तडाखा स्वतःच्या पोटरीवर हाणून बघत. बसला तर ती फोक कामाची, नाही तर फेकून देत. मारताना ते कानडीत मोजायचे. ओंदु, एरडु, मूरु. आमच्या गावात कुणाला कानडी येत नव्हतं, पण त्यांच्या शाळेतलं प्रत्येक पोर कानडीत दहापर्यंत मोजू शके. नदाफांचं एक पोर दहाच्या पुढेही मोजी.

"मला का मास्तर व्हावं वाटलं, ठाव हाय का?" त्यांनी मला एकदा विचारलं होतं. "आमच्या मास्तरानं मला हिरीत उलटं टांगलं होतं. सतरा पाढे म्हणून दाखीवले तवा वर काढलं. त्या दिवशी ठरीवलं, आपून मास्तर व्हायचं."

हे त्यांनी हसत सांगितलं नव्हतं. त्यांना त्यात विपरीत काही दिसतच नव्हतं.

आयाबाया पोरांना त्यांच्याकडे घालताना म्हणत, "मास्तर, हाडं आमची, कातडं तुमचं." मास्तर हा सौदा पाळत. संध्याकाळी शाळा सुटली की ज्यांना मार बसला त्यांना थांबवून घेत. वाटीत तेल-हळद कालवलेली असे. ते स्वतः पोरांच्या वळांना ती लावत, पायातले बाभळीचे काटे सुईनं काढत आणि कुणी उपाशी असेल तर आपल्या भाकरीतली अर्धी देत. दुपारी ज्याला फोडून काढलं त्याच्याच केसांतल्या उवा वेचत बसलेले मी त्यांना पाहिलेत. पोरंही मान त्यांच्या मांडीवर टाकून झोपून जात. मला याचा उलगडा कधी झाला नाही.

सरकारी शाळेचे मोठे मास्तर म्हणजे दस्तगीरसाहेब. थोराड देहाचे, दाढी मेंदीनं लाल केलेली, चालायला जड. शाळेच्याच मागच्या खोल्यांत ते, त्यांच्या बीबी आणि आईबापावेगळी नात जैबून राहत. त्यांनी कधी पोराला बोट लावलं नाही. एखादा फारच चुकला तर ते डोळे मिटून घेत आणि म्हणत, "मई ये सुन्या नई. फिरसे बोल." गावाला हे पसंत नव्हतं. जी शाळा मारत नाही ती शिकवत नाही, असं गावाचं मत होतं. सरकारी शाळेत पाटी फुकट, पुस्तक फुकट, तरी पटावर पोरं थोडीच. छपरात मात्र बसायला जागा नसे.

एकदा ग्यानबा शेतकऱ्याच्या पोराला, शिवरामला, नरहर मास्तरांच्या हातून वाईट रीतीनं लागलं. फोक मोडली म्हणून मास्तरांनी रूळ घेतला, पोरानं वाचवायला हात आडवा धरला आणि मनगटाचं हाड मोडलं. मोडल्याचा आवाज मी पांदणीच्या अलीकडे ऐकला. पोर ओरडलंही नाही. पांढरं पडून खाली बसलं.

थोड्याच वेळात ग्यानबा शेतातून आला. हातात कुऱ्हाड होती. मी आणि दस्तगीरसाहेब पळत पलीकडे गेलो. नरहर मास्तर छपराच्या तोंडाशी उभे होते. त्यांनी आपला उजवा हात पुढे केला आणि छपराला आधार दिलेल्या मेढीवर टेकवला.

"ह्यो हात, ग्यानबा," ते म्हणाले. "मोड."

आम्हाला वाटलं, एवढ्यानं तो विरघळेल. पण ग्यानबानं कुऱ्हाड उलटी केली आणि तुंब्याचा, म्हणजे मागच्या बोथट बाजूचा, घाव घातला. मास्तरांची दोन बोटं चेपली. मास्तर गुडघ्यावर आले, मेढीला कपाळ टेकून राहिले. ग्यानबानं पोराला खांद्यावर घेतलं आणि हाड बसवणाऱ्याकडे निघून गेला.

पुढल्या आठवड्यात तो शिवरामला घेऊन परत आला, हात झोळीत बांधलेला. दस्तगीरसाहेब दारातच उभे होते. त्यांना वाटलं पोर आता आपल्याकडे येणार. ग्यानबा सरळ छपराकडे वळला.

मी त्याला गाठून विचारलं, "ग्यानबा, आमच्यात का घालत न्हाईस? आमच्यात मार न्हाई."

ग्यानबा थांबला. "हाव, मार न्हाई. पन तुमच्यातलं पोरगं घरी आलं का मायबापासंग काय बोलून राहिलंय ते आमाला कळत न्हाई. ह्येचं कळतंय. मार खाल्ला तरी माझं पोरगं मला कळलं पायजे."

दस्तगीरसाहेबांना मी ते उर्दूतून सांगितलं. ते म्हणाले, "सच्ची बात है."

नरहर मास्तरांनी महिनाभर डाव्या हातानं शिकवलं. डाव्या हातानं मारायलाही ते लवकरच शिकले. माणूस त्या घटनेनं बदलला असं मी म्हणणार नाही. वाकड्या झालेल्या बोटांत त्यांना खडू धरता येईना, तेवढाच फरक पडला.

त्या काळी खाजगी शाळेला सरकारची मंजुरी लागे. मास्तरांच्या छपराला ती नव्हती. दुसऱ्या वर्षी शाळाखात्याचे तपासणीसाहेब, ज्यांना मोहतमीम म्हणत, ते कंधारहून छकड्यातून आले. दोन्ही शाळांची पोरं आमच्या अंगणात समोरासमोर बसवली. कुठल्या शाळेत पोरं शिकतात ते बघून मंजुरीचं ठरणार होतं. सगळं गाव कुंपणाशी उभं होतं. नरहर मास्तर पोरांच्या मागे हात बांधून उभे राहिले. फोक त्यांनी आणली नव्हती.

साहेबांनी सवाल टाकला, पंधरा पाऊणे किती?

आमच्यातला एक उठला. "ग्यारह... नई साब, ठैरो," म्हणाला, बोटांवर काहीतरी केलं, स्वतःच हसला आणि म्हणाला, "सव्वा ग्यारह." साहेबही हसले.

मास्तरांची पोरं गप्प. पावकी, निमकी, पाऊणकी तोंडपाठ असलेली पोरं. रोज सकाळी त्यांचा गजर माझ्या वर्गात ऐकू यायचा आणि मला पोरांना गप्प बसवावं लागायचं. त्यातलं एकही उठेना. साहेबांनी एकेकाला नावानं उठवलं. ती उभी राहत, मागे वळून मास्तरांकडे बघत आणि मान खाली घालत. शिवरामच्या पाटीवर सव्वाअकरा लिहिलेलं मी स्वतः पाहिलं. साहेब त्याच्याकडे वळले तसं त्यानं थुंकी लावून पाटी पुसली.

साहेब उठले. "ह्या शाळेत काही शिकवत नाहीत," एवढंच बोलले. मंजुरी मिळाली नाही.

लोक पांगल्यावर दस्तगीरसाहेब नरहर मास्तरांजवळ गेले. मी शेजारीच होतो. त्यांचं मराठी मोडकंतोडकं होतं, पण तेवढं वाक्य त्यांनी नीट जुळवून आणलं होतं. "तुमच्या पोरांना सगळा येते, नरहरराव. तुम्ही मागे उभे असला का येत नाही."

मास्तरांचा चेहरा राखेसारखा झाला. ते छपरात गेले. दुसऱ्या दिवशी ओढ्यावरून ते मोकळ्या हातानं आले. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी दुपारी पुन्हा कानडी मोजणी ऐकू आली. दस्तगीरसाहेबांनी वर्गाची खिडकी लावून घेतली.

मंजुरी नाही म्हणून अमीनसाहेब, म्हणजे ठाण्याचे फौजदार, येऊन छप्पर पाडून गेले. मास्तरांनी दुसरीकडे घातलं. तेही पाडलं, तिसरीकडे घातलं. कधी मळ्यात, कधी ओढ्याच्या काठी, कधी कुणाच्या खळ्यावर. दोनदा त्यांना ठाण्यात नेऊन तळपायांवर मारलं. तळवे सुजलेले असताना पोरांनी त्यांना पाठकुळी घेऊन शाळेत आणलेलं मी बघितलंय. ती वर्षं अशीच गेली. शिवरामला मिसरूड फुटलं, तो शाळेतून बाहेर पडून औत धरू लागला.

मग हत्यारबंद टोळ्यांचे दिवस आले. देशातून इंग्रज गेला होता, पण आमच्याकडे निजाम होता, आणि त्याचं राज्य राखायला म्हणून खाकी कपडे घातलेली माणसं तलवारी-बंदुका घेऊन गावोगाव फिरत. एका दुपारी त्यांची लॉरी आमच्या चावडीपुढे उभी राहिली. कुणीतरी खबर दिली होती. त्यांनी ग्यानबाच्या मळ्यातलं शाळेचं छप्पर पेटवलं, पोरं उसात पळाली, आणि नरहर मास्तरांना ओढत आणून चावडीपुढच्या लिंबाला बांधलं.

"लोगों को बोल, बच्चों को सरकारी मदरसे में डालो," म्होरक्या म्हणाला.

"पोरं त्यांच्या मायबापाची हायत," मास्तर म्हणाले. "त्यांनला इचार."

चामड्याच्या पट्ट्यांनी मारायला सुरुवात झाली. पहिल्या फटक्याला मास्तर मोठ्यानं म्हणाले, "ओंदु." दुसऱ्याला "एरडु". सगळं गाव दारांच्या फटीतून बघत होतं. त्यांच्या हाताखाली गेलेली पोरं त्या फटींमागे होती. दहापर्यंत आवाज खणखणीत होता. मग आकडे चुकू लागले. मग नुसतं हुं, हुं ऐकू यायला लागलं. पाठीचं आणि सदऱ्याचं एकच झालं होतं. एकानं बंदुकीचा दस्ता त्यांच्या बरगडीत हाणला आणि ते दोरीला लोंबकळले.

तेव्हा दस्तगीरसाहेब चावडीकडे आले. घाईनं त्यांना चालता येत नसे, पण त्या दिवशी आले. मी त्यांच्यामागे होतो.

"ये मेरे मदरसे का मुदर्रिस है," ते म्हणाले. मुदर्रिस म्हणजे मास्तर. "आजच मई रख्या इसको. सरकारी नोकर को हात लगाते तुम?"

हे धादांत खोटं होतं. म्होरक्या माझ्याकडे वळला. "सच है?"

"हाव," मी म्हणालो. "माझ्याच जोडीला घेतलंय."

म्होरक्यानं क्षणभर आम्हा दोघांकडेही बघितलं. मग दस्तगीरसाहेबांच्या तोंडात अशी ठेवून दिली की त्यांची टोपी गटारीत जाऊन पडली. ते खाली बसले. कुणीतरी त्यांना लाथ घातली. "काफिरों का मौलवी," म्हणून म्होरक्या थुंकला, आणि लॉरी निघून गेली. मी दोरी कापली.

त्या दिवसापासून नरहर मास्तर खरोखरच आमच्या शाळेत राहिले. बीबींनी त्यांच्या पाठीतले चामड्याचे तुकडे आणि सदऱ्याचे धागे चिमट्यानं काढले. पडद्यातली बाई, पण तेव्हा पडदा बाजूला ठेवला. बरं वाटू लागल्यावर मागच्या खोलीत मराठी वर्ग सुरू झाला. बाहेर निजामाचा नकाशा, आत श्री गणेशा. ठाण्याचं कुणी येताना दिसलं की दस्तगीरसाहेब घंटा दोनदा वाजवत आणि आतली पोरं उर्दूचं पुस्तक उघडून बसत.

दस्तगीरसाहेबांनी एकच अट घातली होती. "मेरे छत के नीचे हात उठना नको."

मास्तरांनी ती मान्य केली आणि त्यांचे फार हाल झाले. शिकवताना ते दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसत. राग आला की डोळे लाल होत, नाकपुड्या फुलत, घाम फुटे. एकदा तर त्यांनी उपरण्यानं आपले हात पाठीमागे बांधून घेतले आणि पोरालाच गाठ मारायला लावली. पोरं आधी थरथरत होती, मग हळूहळू बोलायला लागली. चुकीची उत्तरं द्यायला लागली. एका दुपारी मास्तर माझ्या वर्गात आले आणि म्हणाले, "गंगाधर, ह्या पोरांनला लई प्रश्न पडतेत रे. मला ठावच नव्हतं." मग परत गेले. जैबूनही त्या वर्गात येऊन बसे. पाच-सहा वर्षांची पोर, मास्तरांचं मुंडासं ओढायची आणि ते ओढू देत.

भादव्यात हिंदुस्थानची फौज आली. टोळीवाले एका दिवसात दिसेनासे झाले. ज्यांनी मारलं होतं, लुटलं होतं, ते पळून गेले. मागे राहिले ते, आपल्याला पळायचं कारण नाही असं वाटणारे. आसपासच्या गावांतून धूर दिसू लागला. माळेवाडीत मुसलमानांची घरं थोडी होती. मी दस्तगीरसाहेबांना म्हणालो, "साहेब, चार दिवस नांदेडला जा."

"क्यूं?" ते म्हणाले. "मई किसका क्या बिगाड्या?"

दुसऱ्या दिवशी सकाळीच ओरडा ऐकू आला. शेजारच्या गावांची माणसं होती आणि आमचीही. कुऱ्हाडी, विळे, काठ्या. ग्यानबा शेताच्या बाजूनं धावत आला आणि कुंपणावरून बीबींना म्हणाला, "माय, पोरीला घेऊन चला. माझ्या घरात." मी आणि तो त्या दोघींना ज्वारीतून काढून त्याच्या घरी घेऊन गेलो. दस्तगीरसाहेबांना मागच्या खोलीत कोंडून नरहर मास्तर पुढच्या दारात उभे राहिले होते. आम्ही परत आलो तेव्हा जमाव अंगणात शिरला होता. सगळ्यात पुढे शिवराम होता.

"मास्तर, बाजूला व्हा," तो म्हणाला. "ह्येंच्या लोकांनी तुमाला बांधून मारलं. आमी बगितलंय."

"ह्यानं मला सोडीवलं, ते बगितलं न्हाईस?"

"आता ते काडू नका. बाजूला व्हा."

"शिवराम, तुला आजवर कुणी मारलं? मी मारलं. तुझं हाड मी मोडलं. ह्या मानसानं तुला शिवी तरी दिली का? मारायचंच हाय तर मला मार."

मागून ग्यानबा ओरडला, "शिवऱ्या, माघारी फिर." पोराच्या हातातली कुऱ्हाड खाली आली होती. मला वाटलं, संपलं. आणि तेवढ्यात मागच्या अंगानं कौलं फुटल्याचा आवाज आला.

मास्तर आत वळले तसा कुणीतरी त्यांच्या डोक्यात काठी घातली. ते उंबऱ्यावर आडवे झाले आणि जमाव त्यांच्या अंगावर पाय देऊन आत गेला. शिवरामही गेला. मला भिंतीशी दाबून धरलं होतं. आत काय झालं ते मी ऐकलं. ते लिहिण्यासारखं नाही. दस्तगीरसाहेब एकदाच बोलले, कुणाचं तरी नाव घेऊन, आपल्या शाळेतल्या कुणा पोराला ओळखून बोलावं तसं.

माणसं निघून गेल्यावर मास्तर रांगत आत गेले. फळ्याखाली दस्तगीरसाहेब पडले होते. मास्तरांनी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं, दाढीतलं रक्त धोतरानं पुसत राहिले. ग्यानबा दारात उभा होता. त्यानं विचारलं, "माझा पोरगा व्हता का ह्येच्यात?"

"हाव," मास्तर म्हणाले. "व्हता."

ग्यानबा, मी आणि मास्तर, आम्ही तिघांनी मिळून कबर खणली. नमाज पढायला गावात कुणी उरलं नव्हतं. बीबींनी ग्यानबाच्या घरातूनच दुवा मागितली.

फौजेचे लोक चौकशीला आले तेव्हा गावानं एकच सांगितलं, बाहेरची माणसं होती. नरहर मास्तरांनी मात्र नावं सांगितली. त्यांना आवाजावरून सगळी पोरं ओळखू येत. त्यातली बरीचशी त्यांच्याच हाताखालची होती. खटला कधी उभा राहिला नाही. पण गावानं मास्तरांना वाळीत टाकलं. ज्यांनी पोरांचं कातडं त्यांच्या हवाली केलं होतं त्या बायांनी त्यांना विहिरीवर पाणी भरू दिलं नाही. सरकारी शाळा मराठी झाली, मोठा मास्तर म्हणून त्यांची नेमणूकही आली. ते एक दिवस जाऊन बसले. पटावर सगळं गाव होतं आणि वर्गात कुणी नव्हतं.

बीबींचे भाऊ हैदराबादेत होते. मास्तर बीबींना आणि जैबूनला तिकडे पोचवायला निघाले. मी मुदखेडपर्यंत सोबत गेलो. स्टेशनावर निर्वासितांची गर्दी होती. कुणी इकडून तिकडे जात होतं, कुणी तिकडून इकडे. गाडीला उशीर होता. आम्ही फलाटाच्या टोकाला बसलो.

"परत येणार ना, मास्तर?" मी विचारलं.

"बगू," ते म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "मी त्यांनला लिवायला शिकीवलं, गंगाधर. हिशेब शिकीवला. आनखी काय शिकीवलं ते त्या दिवशी दिसलं."

मी म्हणालो, "तुमी दारात हुबे होतात."

"तवा लई उशीर झाला व्हता."

गाडी आली. मी त्यांना डब्यात जागा धरून दिली. बीबी खिडकीशी बुरखा ओढून बसल्या. जैबून आजोबा गेले त्या सकाळपासून बोलली नव्हती आणि आज काही खातही नव्हती. मास्तरांनी फडक्यातली भाकरी काढली, दुधात बारीक कुस्करली आणि एक घास तिच्या तोंडाशी नेला. तिनं ओठ घट्ट मिटून घेतले. मास्तर घास धरून तसेच थांबले. मी खाली उतरलो, शिट्टी झाली, गाडी हलली. खिडकी माझ्यापुढून सरकून गेली तेव्हाही पोरीनं तोंड उघडलं नव्हतं, आणि मास्तर हात पुढे धरून वाट बघत होते.